वाचनालयाच्या अनुदानाचं आश्वासन: उमेदवाराकडून मागावं कसं आणि अर्थसंकल्पापर्यंत न्यावं कसं

"सत्तेत आलो की अनुदानात भरीव वाढ करू." वाचनालयांच्या मेळाव्यात असो, अंगणवाडी सेविकांच्या मोर्चात असो की आशा कार्यकर्त्यांच्या सभेत, निवडणूक जवळ आली की हे वाक्य ठरलेलं असतं. ते मोडलं असं पुढे कुणालाच सिद्ध करता येत नाही, कारण त्यात रक्कम नाही, तारीख नाही आणि पैसा कुठून येणार हेही नाही. पाच वर्षांनी हेच वाक्य पुन्हा ऐकायची वेळ येऊ नये, यासाठी आश्वासन कसं मागायचं, कसं लिहून घ्यायचं आणि मतमोजणीनंतर त्याचा पाठपुरावा कसा करायचा, ते इथे दिलं आहे. मुख्य उदाहरण शासनमान्य सार्वजनिक वाचनालयांचं आहे. राज्यात अशी अकरा हजारांहून जास्त वाचनालयं आहेत आणि बहुतेक गावांतली शासकीय अनुदानावरच उभी आहेत. अंगणवाडी, वृद्धाश्रम, दिव्यांगांच्या शाळा यांनाही हीच पद्धत थोड्या फरकाने लागू होते.

आधी हिशेब, मग निवेदन

उमेदवाराला भेटण्याआधी स्वतःची आकडेमोड पक्की हवी. वाचनालयांना अ, ब, क, ड या वर्गांप्रमाणे परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवण्यासाठीचं अनुदान, मिळतं. 2012-13 मध्ये ड वर्गाचा दर वर्षाला 30,000 रुपये होता. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं तो हलला नाही. 2022 मध्ये सरकारने सरसकट 60 टक्के वाढ मंजूर केली आणि तो 48,000 झाला. साठ टक्के म्हटलं की आकडा मोठा वाटतो. पण महागाई वर्षाला 5 टक्के धरून 30,000 रुपये दहा वर्षं वाढवत नेले, तर 2022-23 मध्ये 48,867 रुपये येतात. म्हणजे ती वाढ नव्हती. झिजलेली रक्कम जेमतेम पूर्वपदावर आली, एवढंच. मधल्या नऊ वर्षांत दर जागचा न हलल्यामुळे, याच हिशेबाने, प्रत्येक ड वर्ग वाचनालयाला सुमारे 77,000 रुपये कमी मिळाले. ते पुढेही मिळाले नाहीत, मिळणारही नाहीत.

हा हिशेब एका कागदावर मांडा आणि निवेदनाच्या वर लावा. मागणीचा गाभा त्यातूनच कळतो. एकदाची मोठी वाढ मागण्यापेक्षा दरवर्षी आपोआप होणारी छोटी वाढ मागणं कितीतरी जास्त फायद्याचं आहे. 48,000 म्हणजे महिन्याला 4,000 रुपये. त्यातले निम्मे ग्रंथपालाच्या पगाराला दिले तरी हातात 2,000 पडतात. एवढ्या पगारावर माणूस टिकत नाही. तो गेला की वाचनालय उघडण्याच्या वेळा कोलमडतात, तपासणीत शेरे बसतात आणि मग वर्गच धोक्यात येतो.

नुसती कायद्यात रक्कम लिहिली म्हणजे निधी टिकेल, असंही नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, 1967 मध्ये ग्रंथालय निधीची तरतूद आहे आणि राज्याने त्यात दरवर्षी किमान 25 लाख रुपये द्यावेत असं म्हटलं आहे. 1967 साली ती रक्कम भरीव होती. आज अकरा हजार वाचनालयांत वाटली तर प्रत्येकी जेमतेम सव्वादोनशे रुपये येतात. वाढीचं सूत्र नसलेला आकडा कायद्यात असला तरी असा पोकळ होतो. तमिळनाडू आणि कर्नाटकात मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर घेतात. कर वाढला की निधी वाढतो. आपल्याकडच्या कायद्यात उपकर नाही. म्हणून आपल्याला वाढीचं सूत्र वेगळं मागून घ्यावं लागतं.

आता खर्चाची बाजू. उमेदवार पहिला प्रश्न विचारतो, "एवढा पैसा आणायचा कुठून?" त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार हवं. समजा, तालुक्यात 'इतर' (म्हणजे जिल्हा किंवा तालुका दर्जा नसलेल्या) ब वर्गाची 4, इतर क वर्गाची 8 आणि ड वर्गाची 12 वाचनालयं आहेत. 2022 ची 60 टक्के वाढ धरून वर्षाचे दर अनुक्रमे 3,07,200, 1,53,600 आणि 48,000 रुपये होतात. एकूण अनुदान 12,28,800 + 12,28,800 + 5,76,000, म्हणजे 30,33,600 रुपये. त्यावर वर्षाला 5 टक्के वाढ म्हणजे 1,51,680 रुपये. एका तालुक्यातली सगळी वाचनालयं महागाईबरोबर चालती ठेवायचा हा जादा खर्च. एका आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटी रुपये असतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवा. फार बोलावं लागत नाही.

तुमच्या तालुक्यातली वर्गनिहाय संख्या जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात मिळते. अंदाजे आकडा लिहू नका. उमेदवाराचा कार्यकर्ता तो तपासतो आणि एक आकडा चुकला की सगळं निवेदन बाजूला पडतं.

कोणाकडे काय मागायचं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ज्याच्या हातात नाही ते त्याच्याकडे मागितलं की तो आनंदाने 'हो' म्हणतो.

आमदार किंवा खासदार निधीतून इमारत, कपाटं, संगणक, पुस्तकं अशा एकदाच घ्यायच्या गोष्टी होऊ शकतात. पगार, भाडं, वीजबिल असा दर महिन्याचा खर्च त्यातून होत नाही. म्हणून "माझ्या निधीतून तुमचं वाचनालय चालवतो" हे आश्वासन देणाऱ्याने दिलं तरी घेऊ नका. वित्त आयोगाच्या निधीचंही तसंच. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या अबंधित (ठरावीक कामाशी न बांधलेल्या) निधीतूनही वेतन आणि आस्थापना खर्च करायला मनाई होती.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत स्वउत्पन्नावर बोला. स्वउत्पन्नाच्या 10 टक्के महिला व बालकल्याणावर, 15 टक्के मागासवर्गीयांसाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. जिल्हा परिषदेच्या सेस फंडात, म्हणजे तिच्या स्वउत्पन्नात, हे प्रमाण 20 टक्के समाजकल्याण, 10 टक्के महिला व बालकल्याण आणि 5 टक्के दिव्यांग असं आहे. टक्केवारीचा निधी हा टिकाऊ निधीचा चांगला नमुना आहे, कारण उत्पन्न वाढलं की तो आपोआप वाढतो. इथे नव्या घोषणेची गरज नसते. "गेल्या तीन वर्षांत या शीर्षाखाली किती जमा झाले, किती खर्च झाले आणि शिल्लक पुढच्या वर्षात ओढली का," एवढं सरपंचपदाच्या उमेदवाराला विचारा आणि दर ग्रामसभेत हा हिशेब वाचून दाखवण्याचं आश्वासन घ्या. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखा ठरलेल्याच आहेत.

वाचनालय अनुदानाचा दर मात्र राज्य सरकार ठरवतं. उच्च व तंत्र शिक्षण विभाग प्रस्ताव करतो, वित्त विभाग सहमती देतो, मंत्रिमंडळ मंजूर करतं. तेव्हा दरवाढीचं आश्वासन पक्षाकडून, जाहीरनाम्यात घ्यायचं. एकट्या उमेदवाराकडून घ्यायचं ते त्याच्या हातातलं काम: अमुक तारखेपर्यंत पत्र, अमुक अधिवेशनात प्रश्न. विरोधी बाकावर बसला तरी त्याला हे करता येतं.

अंगणवाडीत केंद्राचा वाटा मध्ये येतो. सेविकेच्या मानधनाचा केंद्राने मान्य केलेला दर ऑक्टोबर 2018 मध्ये 4,500 रुपये झाला. त्यातले 60 टक्के, म्हणजे 2,700, केंद्र देतं. महाराष्ट्राने ऑक्टोबर 2024 मध्ये सेविकेचं मानधन 13,000 केलं. त्या दराने बाकीचे 10,300 राज्याच्या तिजोरीतून जातात. म्हणून "केंद्राने दर वाढवला की आम्हीही वाढवू" असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबवून "तोपर्यंत राज्य स्वतःच्या वाट्यातून किती देणार" हे विचारायला हवं.

आश्वासनाचं वाक्य तुम्हीच लिहून न्या

उमेदवारावर सोडलं तर 'भरीव', 'लवकरात लवकर', 'सकारात्मक विचार' हेच शब्द येतात. वाक्य तुम्ही तयार करून न्या. पक्षासाठी ते साधारण असं असावं:

"सार्वजनिक ग्रंथालयांच्या परिरक्षण अनुदानाचा वर्गनिहाय दर सत्तेत आल्यानंतरच्या पहिल्या 1 एप्रिलपासून सोबतच्या तक्त्याप्रमाणे लागू करू. त्यानंतर दरवर्षी 1 एप्रिलला हा दर किमान 5 टक्क्यांनी वाढेल, अशी तरतूद शासन निर्णयातच असेल. पूर्ण रक्कम पुरवणी मागणीवर न ठेवता मूळ अर्थसंकल्पात धरू. पहिला हप्ता 30 सप्टेंबरपूर्वी आणि दुसरा 28 फेब्रुवारीपूर्वी वाचनालयाच्या खात्यात जमा करू."

प्रत्येक तुकड्याला कारण आहे. तारीख नसली की आश्वासन पाचव्या वर्षावर जातं. वाढीचं सूत्र नसलं की पुन्हा दहा वर्षांची वाट. पुरवणी मागणी म्हणजे मूळ अर्थसंकल्पानंतर वर्षाच्या मध्ये मागितलेली जादा तरतूद; तिचा भरवसा नसतो. हप्त्याची तारीख नसली की पैसा 31 मार्चच्या आठवड्यात येतो, तोवर ग्रंथपालाचा पगार उधारीवर चालतो आणि पुस्तकं घाईत, मिळतील ती घ्यावी लागतात.

आकड्यात नेमकं काय धरलं आहे, हेही वाक्यातच हवं. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने अंगणवाडी आणि आशा सेविकांना महिन्याला 15,000 रुपये देण्याचं आश्वासन दिलं. सेविकेचं मानधन तेव्हा 13,000 झालेलं होतं आणि वर कामगिरीशी जोडलेला प्रोत्साहन भत्ता वेगळा होता. मग 15,000 हे भत्ता धरून की सोडून? भत्ता धरला तर प्रत्यक्ष वाढ फार थोडी राहते; सोडला तर मूळ मानधनात 2,000 ची वाढ. एका शब्दाने एवढा फरक पडतो, म्हणून 'मूळ मानधन' किंवा 'भत्ते वगळून' हे शब्द आग्रहाने घालून घ्या.

उमेदवारासाठीचं वाक्य वेगळं आणि छोटं: "निवडून आल्यास पहिल्या 31 ऑक्टोबरपूर्वी वित्त व उच्च शिक्षण मंत्र्यांना या मागणीचं पत्र देईन, हिवाळी अधिवेशनात तारांकित प्रश्न देईन आणि दोन्हींच्या प्रती जिल्हा ग्रंथालय संघाला देईन." (तारांकित प्रश्न म्हणजे ज्याला मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं तो.) खाली नाव, मतदारसंघ, तारीख, सही. स्टॅम्प पेपरचा हट्ट नको. त्याने आश्वासन कोर्टात बजावता येईल असं होत नाही आणि उमेदवार मात्र बिचकतो.

आचारसंहितेत काय चालतं

सर्वोच्च न्यायालयाने 5 जुलै 2013 रोजी सुब्रमणियम बालाजी खटल्यात जाहीरनाम्यातली आश्वासनं ही भ्रष्ट आचरण ठरत नाहीत असं म्हटलं आणि निवडणूक आयोगाला जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगितलं. ती आचारसंहितेच्या आठव्या भागात आहेत. आश्वासनामागचं कारण आणि त्यासाठी लागणारा पैसा कुठून येणार, हे जाहीरनाम्यात ढोबळपणे तरी सांगितलं जावं, अशी अपेक्षा त्यात आहे. जाहीरनामा समितीला पत्र देताना हाच भाग पुढे करा. तुम्ही खर्चाचा तक्ता आयता देताय, हे त्यांच्याही सोयीचं असतं.

वेळ महत्त्वाची. निवडणूक जाहीर झाल्यावर जाहीरनामा समितीचं काम बहुतेक संपत आलेलं असतं. मागणीपत्र त्याआधी निदान दोन महिने पोचवा, आणि सगळ्या पक्षांना एकच मजकूर द्या.

आचारसंहिता लागल्यावर विद्यमान मंत्र्याला कोणतंही आर्थिक अनुदान जाहीर करता येत नाही. तुमच्या कार्यक्रमात त्यांनी मंत्री म्हणून घोषणा केली, तर तक्रार होऊ शकते आणि घोषणाही लटकते. पक्षाने जाहीरनाम्यात धोरण म्हणून लिहिलं तर अडचण नाही.

"तुमच्या मंडळाला दोन लाख देतो, मतं आमच्याकडे वळवा" हा प्रकार धोरणाचा नाही, लाचेचा आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 123 आणि भारतीय न्याय संहितेचं कलम 170 त्याला लागू पडतं. मागणी नेहमी सगळ्या वाचनालयांसाठीच्या दराची करा, स्वतःच्या संस्थेच्या देणगीची कधीही नको.

उमेदवारांची एकत्र सभा घेणार असाल तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्या, सगळ्या उमेदवारांना लेखी निमंत्रण द्या आणि पोच ठेवा. एकालाच बोलावलं तर सभेचा खर्च त्याच्या खात्यात धरला जाऊ शकतो. पत्रक छापलं तर कलम 127क प्रमाणे मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता त्यावर असलाच पाहिजे. छापखानेवालेही कधीकधी हे विसरतात. छपाईआधी स्वतः बघा. आणि वाचनालय हा नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असतो, तेव्हा अमक्याला पाठिंबा देण्याचा ठराव कार्यकारिणीने करू नये. कोणी काय लिहून दिलं आणि कोणी दिलं नाही, एवढंच वाचकांसमोर ठेवा.

निकालानंतर

खरं काम इथून सुरू होतं आणि बहुतेक संघटना इथेच थांबतात. हारतुरे होतात, सत्कारात आश्वासनाची आठवण करून दिली जाते आणि पुढचं पत्र फेब्रुवारीत जातं. फेब्रुवारीत पत्र देऊन उपयोग नसतो. मार्चमधल्या अर्थसंकल्पाचे आकडे विभागांमध्ये पावसाळ्यानंतरच आकार घ्यायला लागतात. म्हणून मागणीचं पत्र, खर्चाचा तक्ता आणि सही केलेल्या आश्वासनाची प्रत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ग्रंथालय संचालनालयात आणि विभागात पोचायला हवी. आवक क्रमांक घेतल्याशिवाय पत्र दिलं असं समजू नका.

हिवाळी अधिवेशनात आमदारांनी तारांकित प्रश्न विचारला आणि मंत्र्यांनी सभागृहात "करू" म्हटलं, तर त्या शब्दाचं वजन बदलतं. जाहीरनाम्याचा पाठपुरावा करणारी कोणतीही शासकीय यंत्रणा नाही; सभागृहात मंत्र्यांनी दिलेल्या आश्वासनाचा पाठपुरावा विधिमंडळाची आश्वासन समिती करते. निवडणुकीतलं आश्वासन सभागृहातल्या आश्वासनात बदलून घेणं, हा या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात मोलाचा टप्पा आहे.

अर्थसंकल्प आला की भाषण ऐकून समाधान मानू नका. भाषणात वाचनालयांचं नाव आलं म्हणजे पैसा आला असं नाही, आणि नाव आलं नाही म्हणजे नाही असंही नाही. वित्त विभागाच्या संकेतस्थळावर विभागाच्या मागण्यांची पुस्तिका उघडा. मुख्य लेखाशीर्ष 2205, कला व संस्कृती. त्याखाली 105, सार्वजनिक ग्रंथालये. (अंगणवाडीवाल्यांनी 2235 आणि 2236 बघायचे.) तिथे चार रकाने दिसतील: मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. उद्दिष्ट शीर्ष 31 म्हणजे वेतनेतर सहायक अनुदान, 36 म्हणजे वेतनासाठीचं.

पहिली तुलना अर्थसंकल्पीय आणि सुधारित अंदाजाची करा. सुधारित आकडा खाली आला असेल तर वर्षाच्या मध्येच कात्री लागली आहे. दुसरी तुलना पुढच्या वर्षाच्या अंदाजाची आणि तुमच्या हिशेबाची: वर्गनिहाय संख्या गुणिले दर. तरतूद त्याहून कमी असेल तर जीआर कितीही चांगला असला तरी हप्ता पूर्ण मिळणार नाही. उरलेली रक्कम पुरवणी मागणीत देऊ, असं तोंडी सांगतात. पुरवणी मागणी मंजूर झाली तरी पैसा वर्षाच्या शेवटी येतो, आणि पुढच्या वर्षाचा अंदाज बांधताना पुन्हा जुनाच छोटा आकडा पायाला धरला जाण्याची भीती राहते.

तरतूद आणि वितरण यांतलाही फरक लक्षात ठेवा. 4 मे 2020 रोजी वित्त विभागाने कोरोनाच्या संकटात विभागांना तरतुदीच्या 33 टक्केच निधी उपलब्ध होईल असा शासन निर्णय काढला होता. अर्थसंकल्पातला आकडा होता तोच राहिला, पण हातात पडणारी रक्कम एक तृतीयांशावर आली. किती निधी प्रत्यक्ष सुटला हे राज्याच्या 'बीम्स' या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर लेखाशीर्षानुसार बघता येतं. महिन्यातून एकदा पाहून नोंद करा.

तिथे स्पष्ट होत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो. लांबलचक अर्ज त्याच कारणाने परत येतात. शुल्क 10 रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो. मजकूर एवढाच पुरतो: "लेखाशीर्ष 2205-105 अंतर्गत अमुक वर्षी अमुक जिल्ह्यातील सार्वजनिक ग्रंथालयांच्या परिरक्षण अनुदानासाठी मंजूर तरतूद, वितरित रक्कम, वितरणाचे दिनांक व 31 मार्चला समर्पित केलेली रक्कम यांची प्रमाणित माहिती द्यावी." तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. 'समर्पित रक्कम' हा शब्द गाळू नका. पैसा होता आणि खर्च न करता परत गेला, हे त्यातूनच उघड होतं. मग "निधीच नव्हता" हे उत्तर चालत नाही.

राज्याच्या तिजोरीत ताण आहे, हे मात्र मान्य करून बोला. 2025-26 च्या अर्थसंकल्पात महसुली तूट 45,891 कोटी रुपये दाखवली होती आणि एकट्या लाडकी बहीण योजनेसाठी 36,000 कोटींची तरतूद होती. 2024 मध्ये महिलांना थेट रक्कम देण्याची आश्वासनं दोन्ही आघाड्यांनी दिली होती, एका बाजूने महिन्याला 2,100, दुसऱ्या बाजूने 3,000. एवढ्या मोठ्या ओळींच्या शेजारी वाचनालयांची छोटी ओळ कापायला सोपी असते, कारण ती कापल्यावर ओरडणारं कुणी नसतं. तिची तुलना मोठ्या योजनांशी करून कुणाचा लाभ बंद करा असं म्हणण्यापेक्षा, आपला 5 टक्क्यांचा आकडा किती लहान आहे हे दाखवणं जास्त उपयोगी पडतं.

शेवटचं एक काम कार्यकारिणीचं. सही केलेली आश्वासनं, आवक क्रमांक असलेली पत्रं, दरवर्षीच्या चार रकान्यांची नोंद आणि माहिती अधिकाराची उत्तरं एकाच फाईलमध्ये ठेवा, आणि पदाधिकारी बदलताना ती दप्तराबरोबर सही घेऊन सोपवा. दरवाढ मिळाली तरी ही फाईल बंद करायची नाही. सूत्र लागू झालं की नाही हे पहिल्या वर्षी कळत नाही. दुसऱ्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतरचा पहिला हप्ता 5 टक्क्यांनी वाढून आला का, हे तपासल्यावरच कळतं.